कुलूप लावलं होतं, कुलूप उघडं होतं

१

त्या सकाळी मुरमाटोल्याच्या लोकांना धानाच्या बांध्यांमध्ये मासे सापडले.

दिवाळी नुकतीच झाली होती. निम्म्या गावाची कापणी उरकली होती आणि कापलेला धान वाळण्यासाठी त्या खाचरांतच पसरून ठेवला होता. अजून थोडं ऊन मिळालं की भारे बांधून खळ्यावर न्यायचा, एवढंच काम उरलं होतं. त्याऐवजी उजाडायच्या सुमारास तलावाचं पाणी पाटातून धो धो आलं, खालच्या सगळ्या बांध्या भरल्या, धान तरंगायला लागला आणि त्यात रोहू उड्या मारू लागले. एकटी राहणारी शकुंतलाबाई कापगते अंधुक उजेडात आपला धान ओढायला धावली आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरली. तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावर, पाणी सोडायचं लोखंडी दार आहे. ते वर-खाली करणारं चाक साखळीनं बांधून त्याला कुलूप घालतात. सकाळी साखळी सुटलेली होती आणि कुलूप शेजारीच पडलं होतं. उघडं, पण धडधाकट. फोडलेलं नाही, कापलेलं नाही. त्याची एकुलती एक किल्ली तलावाची राखण करणाऱ्या खुशाल भेंडारकरच्या करगोट्याला बांधलेली असे.

गावाला आणखी काय हवं होतं? दुपारपर्यंत निकाल लागला. संध्याकाळपर्यंत पाळीखालची त्याची ग्रामपंचायतीची खोली रिकामी करून घ्यायची, अशीही बोलणी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी रुपा लाखनीला साधना लांजेवारांच्या दारात उभी राहिली. साधना मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पास व्हायला सोपा म्हणून मुलं हा विषय घेत, आणि त्या गोष्टीचा मॅडमचा संताप निवृत्तीनंतरही उतरला नव्हता. रुपा त्यांचीच विद्यार्थिनी. आता ती हायवेवरच्या एका कापड दुकानात काम करत होती.

"मॅडम, माह्या बाबाले पोलिसाइनं नेलं."

"नेलं म्हणजे? अटक केली, की चौकशीला बोलावलं?"

"मले काय मालूम? नेलं."

"दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, रुपा."

"मॅडम, आता तरी शिकवू नका ना!" रुपाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबानं कबूल केलं म्हने. सगळ्या गावासमोर. आन् मले मालूम आहे, त्यानं नाही केलं."

मॅडमनी चष्मा पुसला. "कबूल केलं म्हणजे नेमकं काय म्हणाला?"

रुपा थांबली. "फक्त 'हाव' म्हनला."

"'हाव' म्हणजे हो. पण कशाला हो?"

ते रुपाला माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी 'हाव' ऐकलं होतं, प्रश्न कोणी ऐकला नव्हता.

२

चौकीतले गभणे जमादार चांगले गृहस्थ होते. मॅडमना पाहून ते खुर्चीतून उठले, कारण त्यांचा थोरला मुलगा मॅडमच्या हाताखालून गेला होता. खुशाल कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. उंच, हाडकुळा, बोलण्याचा कंटाळा असलेला माणूस. त्यानं मॅडमना हात जोडले आणि पुन्हा जमिनीकडे बघायला लागला.

"कबुली आहे, मॅडम," जमादार म्हणाले. "आम्ही काही मारझोड केली नाही. मी सरळ विचारलं, त्यानं सरळ सांगितलं."

"तुम्ही विचारलेलं वाक्य सांगा. जसंच्या तसं."

"मी म्हणालो, 'खुशाल, तू कुलूप लावायला विसरला नव्हतास ना?' तो म्हणाला, 'हाव.' संपलं."

मॅडमनी डोळे मिटले. फळ्यासमोर उभं राहून तोच तो गोंधळ निस्तरताना जसं कपाळ दुखायचं, तसं आत्ताही दुखायला लागलं.

"जमादारसाहेब, तुम्ही अजून जेवला नाहीत ना?"

जमादार गोंधळले. "हो."

"म्हणजे जेवलात?"

"नाही, उपाशी आहे."

"मी 'जेवला नाहीत ना' विचारलं, तुम्ही 'हो' म्हणालात, म्हणजे नाही जेवलात. बरोबर. मग तुम्ही 'विसरला नव्हतास ना' विचारलंत आणि तो 'हो' म्हणाला, तर तो काय विसरला?"

जमादारांनी ते वाक्य स्वतःशी पुटपुटून बघितलं. मग ते खुशालकडे वळले. "तू विसरला होतास की नव्हतास?"

"हाव," खुशाल म्हणाला.

"अरे देवा!" मॅडम ओरडल्या. "खुशाल, तू 'हाव' म्हणू नकोस. पूर्ण वाक्य बोल. कुलूप लावलं होतंस का?"

"लावलं होतं."

"मग हे त्या दिवशी का नाही बोललास?"

"तेच तं बोललो."

जमादार घाम पुसत म्हणाले, "पण मॅडम, नुसत्या कबुलीवर नाही हे. साक्षीदार आहे. शकुंतलाबाईंनी त्याला पाळीवर बघितलं. 'खुशाल पाळीवर होता आणि पाणी सुटलं,' असं त्यांनी सांगितलंय. दवाखान्यात, माझ्यासमोर."

बाकावरच्या खुशालनं पहिल्यांदाच मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

३

भंडाऱ्याच्या दवाखान्यात शकुंतलाबाई पाय बांधून उताणी पडली होती. दुखण्यापेक्षा तिला पडून राहण्याचाच जास्त राग आला होता.

"माहा धान सडून राहिला बांधीत, आन् मी येथी छत पाहून राहिली," ती मॅडमना म्हणाली. "तुमी कोन? पोलिसाच्या का?"

"नाही. शिक्षिका आहे."

"मंग बसा."

मॅडम स्टुलावर बसल्या. "काकी, त्या सकाळी काय झालं, ते पहिल्यापासून सांगा. जे आधी घडलं ते आधी."

"आवाज आला पान्याचा. मी उठली, बाहेर पायलं, तं पाट भरून पानी जाऊन राहिलं. मी बोंब मारली. धावली बांधीकडं. तेवढ्यात खुशाल त्याच्या खोलीतून निंघाला, अंगात बंडी बी नव्हती धड. पाळीवर चढला, चाक फिरवाले लागला. मंग मी पडली."

"म्हणजे पाणी आधी सुटलं, आणि खुशाल नंतर पाळीवर गेला?"

"मंग काय? पानी सुटल्याबिगर तो कायले जाईल झोपेतून उठून?"

"जमादारांना तुम्ही काय सांगितलं?"

"हेच सांगतलं. पानी सुटलं आन् खुशाल पाळीवर होता."

तर्कशास्त्रात 'आणि'च्या दोन्ही बाजू अदलाबदल केल्या तरी विधानाची सत्यता बदलत नाही. हे त्यांनी किती वर्गांना शिकवलं असेल! पण 'भात शिजला आणि जेवलो' हे उलटं करून बघा. माणसं बोलताना 'आणि'मध्ये 'मग' लपवतात, आणि बरेचदा 'म्हणून'ही. म्हातारीनं घटना घडल्या तशा सांगितल्या होत्या. जमादारांनी वाक्य लिहिताना सोयीसाठी माणूस आधी घेतला आणि पाणी नंतर, आणि तेवढ्यात खुशाल गुन्हेगार झाला. त्यांना जमादारांचा राग आला, आणि त्याहून जास्त आपल्या विषयाचा.

"म्हंजे बाबा सुटला ना, मॅडम?" बाहेर येताच रुपानं विचारलं.

"नाही सुटला. त्याच्याविरुद्धचे पुरावे गेले, एवढंच झालं. तो निर्दोष आहे हे त्यातून निघत नाही."

"असं काहून बोलता तुमी?"

"कारण तसंच आहे! कुलूप फोडलेलं नाही आणि किल्ली त्याच्याकडेच होती. हे दोन्ही अजून जागच्या जागी आहे."

रुपा रागानं एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. मॅडम तिच्या मागे धापा टाकत गेल्या. "पाणी सुटून कोणाचा फायदा होणार होता, ते सांग आधी!" त्या मागूनच ओरडल्या.

रुपा थांबली. "पानी उतरलं तं एकाच मानसाची जमीन उघडी पडते," ती म्हणाली.

४

कैलाश डोंगरवार ग्रामपंचायतीचा सदस्य होता. गावाच्या नळयोजनेचं काम त्याच्याकडे होतं. तलावाचं पाणी हिवाळ्यात मागं सरलं की काठची जी जमीन उघडी पडते, तिच्यावर तो दरवर्षी लाखोळीचं कडधान्य पेरायचा. यंदा पाऊस लांबला होता आणि ती जमीन अजून पाण्याखाली होती. थोडं पाणी सोडा म्हणून त्यानं पंचायतीत अर्जविनंत्या केल्या होत्या. सरपंच ताराबाईंनी सांगितलं होतं की सगळ्यांचा धान बांधीतून उचलल्याशिवाय दार हलणार नाही.

हे त्यानं मॅडमना स्वतःच सांगितलं, चहा पाजत. लपवण्यासारखं काहीच नाही, असा त्याचा आव होता.

"लोक माह्यावर शक घेतील, हे मले मालूम आहे. पन किल्ली कोठी? खुशालपाशी. मी काय दातानं उघडू का कुलूप?"

"खुशाल विसरला असेल लावायला," मॅडम सहज म्हणाल्या.

"खुशाल? नाव नका घेऊ. इतक्या वर्सात त्या मानसानं एकदा बी कुलूप खुलं ठेवलं नाही. दसऱ्याले शेवटचं पानी सोडलं, तवा त्यानं सगळ्यासमोर लावलं, मीच ओढून पायलं. पक्कं लागलं होतं. म्हून तं म्हनतो, चूक नाही, मुद्दाम केलं. मुद्दामच वापस कुलूप लावलं नाही त्यानं."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"बरं. येते मी."

"चहा तं संपवा."

"नको, डोकं उठलंय."

त्या इतक्या झपाट्यानं निघाल्या की रुपाला धावावं लागलं. गल्लीच्या वळणावर मॅडम उभ्या राहिल्या. "ऐकलंस का त्यानं काय म्हटलं? 'वापस कुलूप लावलं नाही.' आपल्याकडं 'वापस'चे अर्थ किती?"

"मॅडम, माहा बाबा..."

"रुपा, अर्थ सांग!"

"पुन्हा," रुपा वैतागून म्हणाली. "नाहीतं होतं तसं. वस्तू वापस ठेव म्हनतो तसं."

"पहिला अर्थ घे. खुशालनं 'पुन्हा' कुलूप लावलं नाही, म्हणजे तो आधीही कधी चुकला होता. पण कैलाशच म्हणतो की तो कधीच चुकला नाही. म्हणजे तो अर्थ गेला. दुसरा घे. उघडलेलं कुलूप होतं तसं परत लावलं नाही. लावलं नाही म्हणायला ते आधी उघडलेलं असायला हवं. कधी उघडलं? पाणी सोडायलाच उघडलं असतं, तर तो सरळ 'मुद्दाम उघडलं' म्हणाला असता. दसऱ्याला उघडलं, ते लागलं, कैलाशनंच ओढून बघितलं. म्हणजे दसऱ्यानंतर ते कुलूप पुन्हा एकदा उघडलं गेलं होतं आणि कैलाशला ते माहीत आहे. ताराबाईंना माहीत नाही, जमादारांना माहीत नाही, तुला माहीत आहे?"

रुपानं मान हलवली. तिचा चेहरा उतरला होता. "म्हंजे बाबानं दसऱ्यानंतर कुलूप उघडलं होतं? मले नाही सांगतलं त्यानं."

"त्यानं कोणालाच नाही सांगितलं. चल."

५

'बोलावलं की यायचं' असं सांगून जमादारांनी खुशालला घरी सोडलं होतं. तो खोलीच्या ओट्यावर बसला होता. त्याच्या शेजारी प्रफुल्ल होता, तलावातल्या मासेमारीचा ठेकेदार. मॅडमना पाहताच प्रफुल्ल उठून चपला शोधायला लागला.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "खुशाल, दसऱ्यानंतर तू एकदा कुलूप उघडलं होतंस. कशासाठी?"

रुपानं त्याच्यासमोर उकिडवं बसून त्याचा गुडघा धरला. "बाबा, बोल ना. गाव खोली खाली करून मांगून राहिलं. तू कायले चूप बसला?"

"जबान देल्ली होती," खुशाल म्हणाला.

"कोणाला?" मॅडमचा आवाज चढला. "जबान दिली म्हणून तुरुंगात जाणार आहेस का?"

प्रफुल्ल पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "मले. मीच म्हनलो होतो, कोनाले सांगू नको. दाराच्या तोंडाशी जाळी लावाची होती, नाहीतं पानी सोडलं की मासे निंघून जातात. सरपंचबाई दाराले हात लावू देत नव्हत्या. मी खुशालभाऊच्या हातापाया पडलो. पानी सुटलं त्याच्या आदल्या सांजच्याला त्यानं कुलूप खोललं, आमी दार बोटभर उचललं, खाली उतरून जाळी बांधली, दार पाडलं, कुलूप लावलं. झालं. सकायच्या रेट्यात ते जाळी बी फाटली."

"आणि तुम्ही दोन दिवस हे ऐकत बसलात? हा माणूस चौकीत असताना?"

"माहा ठेका जाईल म्हून भेव वाटलं," प्रफुल्ल पुटपुटला.

"कुलूप लागलेलं तुम्ही बघितलं?"

"लागतच नव्हतं. कडी बसंना. म्हून मी दगडानं दोनदा ठोकलं, मंग बसलं. ओढून बी पायलं. पक्कं होतं, मॅडम. देवाशपथ."

मॅडम ओट्यावर बसल्या. रुपा त्यांच्याकडे आशेनं बघत होती, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं. कारण गुंता सुटायच्या ऐवजी घट्ट झाला होता. संध्याकाळी कुलूप लावलं होतं, याला दोन साक्षीदार. सकाळी कुलूप उघडं होतं, याला अख्खं गाव. मध्ये ते कोणी फोडलं नाही. किल्ली खुशालच्या कमरेला. मग उघडलं कोणी? एकच नाव उरत होतं.

"म्हंजे बाबानंच..." रुपाचा आवाज बसला.

"नाही!" खुशाल पहिल्यांदाच ओरडला. "किल्ली माह्याच अंगावर होती, झोपतानी बी. मी नाही उघडलं. तेच कुलूप मी लावलं होतं."

"तेच?" मॅडम म्हणाल्या.

"तेच."

"तेच कशावरून?"

"आता कुलूप तं कुलूपच असते, मॅडम! पितळी, मोठं, पंचायतीचं. तसलंच होतं."

"तेच होतं, की तसलंच होतं?"

खुशालनं करगोट्याची किल्ली चाचपली.

मॅडम हळूहळू बोलायला लागल्या, जणू आपल्यालाच समजावत होत्या. "लावलेलं आणि उघडं, दोन्ही खरं असू शकत नाही. पण कधी? दोन्ही वाक्यांत शब्दाचा अर्थ एकच असेल तेव्हा. आपण सगळे 'कुलूप, कुलूप' म्हणतोय. शब्द एक आहे. वस्तू एकच आहे हे कोणी तपासलं? तुम्ही दोघं खाली जाळी बांधत होतात, तेव्हा उघडलेलं कुलूप कुठं होतं?"

"वर," प्रफुल्ल म्हणाला. "पाळीच्या दगडावर ठेवलं होतं."

"आणि खालून पाळीचा माथा दिसतो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिसत नव्हता.

६

चौकीत जमादारांनी कपाटातून ते कुलूप काढून टेबलावर ठेवलं. खुशालच्या किल्लीनं ते लागलं आणि उघडलं. कडी पहिल्याच दाबात बसली.

"ठोकल्याची खूण दाखवा," मॅडम म्हणाल्या.

जमादारांनी कुलूप उलटंसुलटं केलं, खिडकीपाशी नेलं. पावसापाण्यानं काळवंडलेलं पितळ होतं, पण कुठं पोचा नाही की ओरखडा नाही.

"प्रफुल्लनं दगडानं दोनदा ठोकलं ते हे कुलूप नाही. म्हणजे त्या संध्याकाळी साखळीला दुसरंच कुलूप लागलं. हे उघडं कुलूप कोणाच्या तरी खिशात गेलं आणि पहाटे तिथं आणून टाकलं गेलं. किल्ली खुशालकडे होती, यानं काहीच सिद्ध होत नाही. साखळीवरचं कुलूप त्या किल्लीचं नव्हतंच."

"पण तसलं दुसरं कुलूप आणायचं कुठून?" जमादारांनी विचारलं.

हे ताराबाईंना विचारावं लागलं. सरपंच ताराबाई तापलेल्याच होत्या. सकाळपासून त्यांच्या अंगणात भिजलेल्या धानाचे मालक येऊन बसले होते. "जोडी घेतली होती पंचायतीनं," त्या म्हणाल्या. "एक तलावाले, एक नळाच्या पंपघराले. पंपघराची किल्ली कैलाशभाऊपाशी. तो रोज सांजच्याला पंप चालू करते."

पंपघर तलावाच्या पलीकडच्या टोकाला होतं. तिकडं जायची वाट पाळीवरूनच जाते. संध्याकाळी पंप चालू असला की पंपघराचं दार उघडं आणि कुलूप कैलाशच्या खिशात.

सगळे तिथं पोचले तेव्हा दार बंद होतं. छपराखाली लटकलेलं कुलूप तलावाच्या कुलपापेक्षा लख्ख होतं. प्रफुल्लनं ते हातात धरून वळवलं. खालच्या बाजूला दोन ताजे पोचे होते आणि एका पोच्यात दगडाची भुकटी अजून अडकलेली होती.

"हेच," प्रफुल्ल म्हणाला. मग त्यानं मॅडमकडे बघितलं आणि घाईनं सांगितलं, "तसलंच नाही, मॅडम. हेच."

७

ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात ऊन कलायच्या आत लोक जमले. कैलाशला कोणी ओढून आणलं नाही. तो आपणहून आला आणि पायरीवर बसला. जमादारांनी दोन्ही कुलपं त्याच्यासमोर ठेवली. मॅडमनी सगळं सांगितलं: 'वापस' कुठं अडलं, दगडावरचं कुलूप कसं बदललं, पोचे कुठं आहेत.

कैलाशनं पोचे पडलेलं कुलूप उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"ठेवलं होतं दगडावर," शेवटी तो म्हणाला. "खिशात हात घातला तं तसलंच कुलूप हाताले लागलं. काही ठरवलं नव्हतं. अदलाबदल झाली."

"अदलाबदल झाली?" मॅडम म्हणाल्या. "आपोआप?"

"झाली म्हंजे... आन् मंग सकायी पानी सुटलं."

"सुटलं नाही!"

मॅडमचा आवाज एवढा चढला की मागची माणसं पुढं सरकली. त्यांना स्वतःलाच तो ऐकू आला, पण आता त्यांना थांबायचं नव्हतं. दोन दिवस सगळे बोलत होते, कुलूप राहिलं, दार उघडलं गेलं, पाणी सुटलं, म्हातारी पडली, आणि त्या एकाही वाक्यात करणारा माणूस नव्हता.

"गाठ सुटते, कैलाश. सुट्टी सुटते. पाणी तू सोडलंस. सुटलं म्हणजे कोणी केलं नाही, सोडलं म्हणजे कोणीतरी केलं. एका शब्दाच्या आड लपू नकोस. नीट बोल."

कैलाश पायरीवरून उठला.

"मी सोडलं," कैलाश म्हणाला. एवढं बोलल्यावर मात्र बाकीचं त्याच्या तोंडून भराभर बाहेर आलं. "थोडं सोडाचं होतं. माही जमीन उघडी पडंल एवढंच. पाट भरला की बंद करीन म्हनलो. पन चाक फिरंना. उघडतानी फिरलं, बंद करतानी अटकलं. मी लय जोर लावला, हाताची कातडी निंघाली. तेवढ्यात उजाडून राहिलं. मले भेव वाटलं. खुशालचं कुलूप तेथी टाकलं, साखळी तशीच सोडली आन् पळालो."

"आन् माह्या बाबावर नाव आलं तवा?" रुपा गर्दीतून पुढं आली. "तवा बी चाक अटकलं होतं का?"

कैलाशनं दोन्ही तळवे मुठीत लपवले.

मग एकदम सगळे बोलायला लागले. कोणी म्हणालं, खुशालवर आपला कधीच संशय नव्हता. कोणी म्हणालं, आपल्याला आधीपासून वाटतच होतं. खोली रिकामी करा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा माणूस खुशालच्या पाठीवर थाप मारून गेला. मॅडमनी ते बघितलं आणि त्यांचं कपाळ पुन्हा दुखायला लागलं.

"ताराबाई," त्या म्हणाल्या, "मला पाणी द्या प्यायला. आणि ह्या लोकांना घरी पाठवा, नाहीतर मी एकेकाला विचारीन 'कधीच' म्हणजे कधी."

ताराबाईंनी पाणी दिलं. मग त्या पायरीवरून उठल्या आणि जमादारांना म्हणाल्या, "तुमी न्याल त्याले. पन भंडाऱ्यावरून न्या. एक काम राहिलं आहे."

८

दवाखान्याच्या वॉर्डात संध्याकाळच्या भेटीची गर्दी होती. जमादार दाराशी थांबले. ताराबाई आणि मॅडम भिंतीजवळ उभ्या राहिल्या. कैलाश एकटा खाटेपर्यंत गेला.

शकुंतलाबाईनं डोळे उघडून त्याला ओळखलं. "कैलाश का? बस. माही बांधी पायली का? काही वाचलं का धान?"

"थोडं वाचलं. वरच्या कोपऱ्यातलं. खुशालनं आन् रुपानं पालथं करून धुऱ्यावर टाकलं आहे."

"बाकीचं?"

"कोंब फुटले."

कैलाश बसला नाही. त्याचे तळवे सोललेले होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं.

"काकी, पानी मी सोडलं," तो म्हणाला. "खुशालनं नाही. मी."

म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं. ती रडेल, नाहीतर शिव्या देईल, असं मॅडमना वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग बंद काहून नाही केलं?"

"चाक अटकलं. माह्यानं फिरलं नाही."

"एकट्यानं नाहीच फिरत ते. माहा मालक जिता होता, तवा दोघं लागत." ती जरा थांबली. बोलायला तिला दम लागत होता. "मी जागीच होती रे त्या टायमाले. खुशाल तेथीच, पाळीखाली. आवाज काहून नाही देल्ला?"

कैलाशनं तोंड उघडलं.

पटांगणात त्याच्याकडे कारणं होती. त्यातलं एकही आत्ता त्याच्या तोंडात आलं नाही. तो खाटेची लोखंडी कड धरून उभा राहिला आणि म्हातारी उत्तराची वाट बघत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ती चिडलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.